कच्चा रंग

‘गोधडी’ हा शब्द मी वर्गात आणि परिसंवादांत किती वेळा वापरला असेल, याचा हिशेब नाही. एखाद्या कादंबरीची रचना एकसंध नसेल, तिच्यात पत्रे, रोजनिशी, वर्तमानपत्रांतील कात्रणे असे काहीबाही आले असेल, की तिला गोधडी म्हणायचे. मी विद्यार्थिनी होते तेव्हा हे दूषण होते. ‘ठिगळे जोडून कसेबसे उभे केलेले’ असा त्याचा अर्थ असे. पुढे उत्तर-आधुनिकतेची चर्चा आपल्याकडे रुळली आणि तोच शब्द गौरवाचा झाला. ‘टेक्स्ट’ आणि ‘टेक्स्टाइल’ ही एकाच लॅटिन धातूची लेकरे, आपला ‘ग्रंथ’ही गुंफण्यातूनच आलेला आणि ‘सूत्र’ म्हणजे तर सरळ दोराच, एवढे सांगितले की श्रोते माना डोलावतात. मीही ती दाद घेतलेली आहे. त्या काळात मी स्वतः एकही गोधडी शिवलेली नव्हती. सुईत दोरा ओवताना मला चष्मा बदलावा लागतो, हेही मला माहीत नव्हते.

ते माहीत झाले 2012 नंतर. आमच्याच महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारी माझी एक मैत्रीण आहे. मी इंग्रजी साहित्य शिकवते. आमची ओळख परीक्षेच्या पर्यवेक्षणातली. तीन तास एका खोलीत न बोलता काढलेल्या माणसांची मैत्री होते तशी ती झाली. कोल्हापुरात तिचे जुने घर आहे आणि घराला परसदार आहे. तिथे आंबा, पाण्याची दगडी डोण, वापरात नसलेली चूल आणि बरीच रिकामी जागा. बी.एस्सी.च्या मुलांना नैसर्गिक रंगद्रव्यांवर प्रकल्प द्यायचा म्हणून तिने स्वतः काही प्रयोग करून पाहिले, त्यातल्या एका शनिवारी मी सहज गेले, आणि पुढे सात वर्षे आमचे शनिवार तिथेच गेले.

रंगवणे म्हणजे कापड रंगात बुडवणे, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात रंगात बुडवण्याआधीचेच काम मोठे असते. कोरा मांजरपाट आणायचा, रात्रभर भिजत घालायचा, सकाळी धुण्याचा सोडा आणि साबण घालून तासभर उकळायचा. पांढऱ्या दिसणाऱ्या कापडातून चहासारखे पाणी निघते. खळ, मेण, कारखान्यातले तेल, सगळे त्यात असते. ते पूर्ण निघाले नाही तर रंग वरच्यावर राहतो. मग हिरड्याच्या पुडीचे पाणी. त्यातून काढलेले कापड पिवळसर होते आणि त्याला एक तुरट वास येतो. ते उन्हात वाळवायचे. मग तुरटीचे पाणी, शंभर ग्रॅम कापडाला पंधरा-वीस ग्रॅम तुरटी. पुन्हा वाळवायचे. पाठ्यपुस्तकात या द्रव्यांना रंगबंधक म्हणतात. इंग्रजीतला ‘मॉर्डंट’ हा शब्द ‘चावणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे, हे मी तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “चुकीचं आहे. चावत नाही, हात धरते. एक हात धाग्याचा, एक हात रंगाचा, मधे तुरटी.” रसायनशास्त्राच्या माणसाने केलेली ही उपमा मला त्या दिवशी माझ्या उपमांपेक्षा बरी वाटली होती.

मग मंजिष्ठ. काष्ठौषधींच्या दुकानातून मुळ्या आणायच्या, कुटायच्या, भिजवायच्या आणि तुरटी पाजलेले कापड त्या पाण्यात मंद आचेवर तास-दोन तास ठेवायचे. पाण्यात चुन्याचा अंश असला तर ही मुळी खुलते. तिच्या बोअरच्या जड पाण्याने गिझर खराब होतात म्हणून घरात रोज तक्रार असे. लाल रंग मात्र त्याच पाण्याने देखणा येई. भडक नव्हे, विटेकडे झुकणारा, जुन्या खणाच्या काठासारखा. मोहेंजोदडोला सापडलेल्या सुती कापडाच्या तुकड्यावरही मंजिष्ठेचाच रंग होता, हे तिनेच मला सांगितले. पाच हजार वर्षांच्या आसपासचे हे ज्ञान एकोणिसाव्या शतकात एका पिढीत कसे मोडले, तेही तिनेच सांगितले. 1868 साली ग्रेबे आणि लीबरमान या दोघांनी मंजिष्ठेतला अलिझरीन हा रंग प्रयोगशाळेत तयार केला. पुढच्या वर्षी, 1869 च्या जून महिन्यात, त्याच्या स्वस्त पद्धतीसाठी जर्मनांनी लंडनमध्ये पेटंटचा अर्ज केला आणि दुसऱ्याच दिवशी पर्किनने आपला अर्ज नेऊन दिला. एका दिवसाचा फरक. फ्रान्समधली मंजिष्ठेची शेते त्यानंतर फार टिकली नाहीत. ही गोष्ट सांगताना तिच्या आवाजात हळहळ नसे. “रेणू तोच आहे. मुळीतून आला काय नि डांबरातून आला काय,” असे ती म्हणे. हळहळ माझी असे. नैसर्गिक म्हणजे चांगले, कृत्रिम म्हणजे खोटे, अशी एक साधी वाटणी मी मनात करून ठेवलेली होती. ती वाटणी मला पुढे कुठे घेऊन गेली, ते सांगण्यासाठीच हा लेख आहे.

पण आधी निळीबद्दल. साहित्याच्या माणसांना नीळ म्हटली की दीनबंधु मित्रांचे 1860 चे ‘नीलदर्पण’ आठवते, त्याचे इंग्रजी भाषांतर छापल्याबद्दल पाद्री जेम्स लाँग यांना झालेला तुरुंगवास आठवतो, चंपारण आठवते. नीळ हाताला कशी लागते ते आठवत नाही, कारण लागलेलीच नसते. नीळ पाण्यात विरघळत नाही. तिला विरघळवण्यासाठी तिच्यातला निळेपणा आधी काढून घ्यावा लागतो. आम्ही मोठ्या पिंपात चुना आणि गूळ घालत असू. कोल्हापुरात गुळाला तोटा नाही. दक्षिणेत टाकळ्याचे बी शिजवून घालतात, तेही आम्ही एकदा करून पाहिले. वासामुळे शेजाऱ्यांनी विचारणा केली, तेव्हा सोडून दिले. दोन-तीन दिवसांनी पिंपातले पाणी पिवळट हिरवे होते, वर तांब्यासारखी चमकणारी साय येते आणि मधोमध निळा फेस गोळा होतो. त्यात बुडवलेले कापड बाहेर येते ते हिरवे. हवा लागली की आपल्या डोळ्यांदेखत ते निळे होत जाते. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी ओरडलेच होते. नंतरही, सात वर्षांत एकदाही, मला ते नेहमीचे वाटले नाही.

पिंपाला थंडी सोसत नाही. पौषात पाणी गार पडले की नीळ ‘झोपते’, हा मैत्रिणीच्या आईचा शब्द. त्यांना मी काकू म्हणत असे. त्यांनीच एक जुनी गोधडी आणून पिंपाभोवती गुंडाळली आणि वर सुतळी बांधली. म्हणाल्या, “पोरींनो, पोटात आग असल्याबिगर काय चढत न्हाई.” आम्ही दोघी तेव्हा पन्नाशीला आलेल्या होतो.

निळीच्या कामाने नखे आठवडाभर निळी राहतात. सोमवारी फळ्यावर लिहिताना मुले माझ्या हातांकडे पाहत. याचा मला एक छुपा अभिमान होता आणि त्याबद्दल मैत्रिणीने मला एकदा झापलेही. ती म्हणाली, “निळीत हात घालणाऱ्यांची एक जात होती आपल्याकडे. त्यांचे हात निळे म्हणून लोक त्यांना ओळखायचे, कौतुक करायचे नाहीत. तुझे हात निळे म्हणजे हौस.” ते खरेच होते. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरांत निराळी या निळीच्या रंगाऱ्यांची नोंद आहे. नीळपासून निळारी, आणि त्याचे निराळी. प्राध्यापकाच्या पगारावर शनिवारी रंगवणे आणि पोटासाठी रोज रंगवणे यांत काय अंतर असते, हे आम्ही विसरू नये म्हणून तिने ते शब्द परसातल्या भिंतीवर खडूने लिहून ठेवले होते. पावसाळ्यात ते गेले.

रंगवलेल्या कापडाचे करायचे काय, हा प्रश्न लवकरच आला. काकूंनी तो सोडवला. त्यांनी आयुष्यभर गोधड्या शिवल्या होत्या. जमिनीवर जुने लुगडे पसरायचे, त्यावर थर, त्यावर तुकडे, आणि धावदोऱ्याने कडेपासून सुरुवात करून चौकोनात आत आत जायचे. मोजमाप नाही, आखणी नाही. उत्तर कन्नड भागातल्या सिद्दी बायकाही आपली कवंदी कडेकडून मध्याकडे शिवत नेतात आणि कोपऱ्यांना तिकोनी ‘फुले’ लावतात, हे मी कुठेसे वाचून काकूंना सांगितले. त्यांना त्यात विशेष काही वाटले नाही. “मधनं सुरू केलं तर कापड फुगंल की,” एवढेच त्या म्हणाल्या. त्यांचा टाका लहान आणि सारखा असे. माझा टाका सुरुवातीला भाताच्या शितासारखा, नंतर बरा झाला.

याच काळात मी अमेरिकेतल्या क्विल्टांविषयी झपाटल्यासारखे वाचत होते. गुलामगिरीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्सने बायबलमधल्या कथा अंगावर घेऊन शिवलेली गोधडी, जी तिला अडचणीच्या काळात पाच डॉलरला विकावी लागली आणि जी पुढे स्मिथसोनियनमध्ये पोचली. 1971 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने क्विल्ट प्रथमच चित्रांसारखी भिंतीवर लावली, ते प्रदर्शन. आणि 2002 मध्ये ह्यूस्टनहून निघून मग व्हिटनीत आलेल्या, अलाबामातल्या जीज बेंडच्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या. कामाच्या विटलेल्या डेनिमचे, पँटच्या गुडघ्यांचे मोठाले तुकडे जोडलेल्या त्या गोधड्यांची छायाचित्रे मी काकूंना दाखवली. त्यांनी नीट पाहिली. एकीवर बोट ठेवून म्हणाल्या, “हिनं घाईत केलंय, पर डोळा हाय बाईला.” मग मी म्हणाले की, काकू, तुमचीही गोधडी अशीच भिंतीवर लावली पाहिजे. त्यांच्या अंगावर तेव्हा त्यांनीच वीसेक वर्षांपूर्वी शिवलेली एक गोधडी होती, उसवलेली, कडा झिजलेल्या, अतिशय सुंदर. मला ती हवी होती. जपून ठेवू, नीट चौकट करून लावू, असे काहीतरी मी बोलले असणार.

“भिंतीला काय हीव भरतंय व्हय गं?” काकू म्हणाल्या आणि गोधडी गुडघ्यांवर ओढून घेतली.

साहित्याच्या वाचकांना इथे अ‍ॅलिस वॉकरची 1973 ची ‘एव्हरीडे यूज’ ही कथा आठवल्याशिवाय राहणार नाही. शहरात शिकून आलेली डी आजीच्या गोधड्या मागते, ती त्या भिंतीवर लावणार असते. घरी राहिलेली, भाजलेल्या अंगाची मॅगी त्या अंथरणार-पांघरणार असते. आणि आई त्या डीच्या हातून काढून मॅगीच्या मांडीवर टाकते. ही कथा मी अठरा वर्षे शिकवली. अठरा वर्षे डीची यथेच्छ टर उडवली. तिचे बदललेले नाव, तिचा फोटो काढण्याचा सोस, घुसळणीचा दांडा सजावटीला नेण्याची तिची हाव, यांवर वर्ग हमखास हसतो. काकूंचे ते वाक्य ऐकले त्या संध्याकाळी रिक्षात बसल्यावर माझ्या लक्षात आले की, आपण आत्ता डीचा पाठ वाचून आलो. तरीही मला वाटले, हे लक्षात येणे पुरेसे आहे. शिक्षकांना एक भ्रम असतो. दोष ओळखता आला की तो गेला, असा.

जानेवारी 2018 मध्ये काकू गेल्या. रीतीप्रमाणे त्यांचे अंथरूण-पांघरूण देऊन टाकले गेले, त्यात ती गोधडीही गेली. मैत्रीण त्या दिवशी काही बोलण्याच्या स्थितीत नव्हती आणि मी बोलायचे ठरवूनही बोलले नाही. मागे राहिली पाच लुगडी. दोन हिरवी, एक चंद्रकळा, आणि दोन धुऊन धुऊन जवळजवळ पांढरी झालेली, ज्यांचा मूळ रंग घरात कोणाला सांगता येईना.

मैत्रिणीने ठरवले की, या लुगड्यांची एक गोधडी करायची. मी म्हणाले, कापू नकोस, ठेव. ती म्हणाली, “ठेवून काय करू? कसर लागेल.” तिने कात्री लावली तेव्हा मी घरात पाणी प्यायला गेले. रचना आम्ही दोघींनी मिळून केली, म्हणजे जमिनीवर तुकडे मांडून महिनाभर सरकवत राहिलो. चंद्रकळेचे काळे पट्टे, हिरवे त्यांच्या आत, मधला मोठा भाग त्या फिकट लुगड्यांचा, आणि त्या फिकट भागात चार लाल चौकोन. लाल आमच्या मंजिष्ठेचा.

पुण्यातल्या एका कलादालनात त्या हिवाळ्यात वस्त्रकलेचे प्रदर्शन व्हायचे होते. अर्ज मी भरला. मैत्रिणीला त्यात रस नव्हता, पण तिने नाहीही म्हटले नाही. गोधडी पोचवायची तारीख ठरली आणि मग कळले की, लाल तुकडे कमी पडताहेत. जुने उरलेले मापात बसेनात. नवे करायचे तर खळ काढण्यापासून मंजिष्ठेपर्यंत आठवडा, तोही ऊन असेल तर. आणि तेव्हा परतीचा पाऊस लांबलेला होता. मी तिला म्हणाले, माझ्याकडे घरी तुरटी पाजलेले कापड आहे, मी करून आणते.

माझ्याकडे असे कापड नव्हते. मी बाजारातून रंगाची पुडी आणली. मीठ घालून पातेल्यात उकळायचा तो रंग. चिमूटभर तपकिरी मिसळून मी त्याला विटकरीकडे आणले, दोनदा पाणी बदलून धुतले, इस्त्री केली आणि दुसऱ्या दिवशी नेऊन दिले. मैत्रिणीने हातात घेऊन पाहिले. “छान आलाय,” म्हणाली. चारही चौकोन तिने शिवले. बाकीच्या भागांत माझेही टाके आहेत, लालमध्ये नाहीत.

प्रदर्शनात आमच्या गोधडीखाली पाटी होती. दोघींची नावे, ‘जुनी लुगडी, नैसर्गिक रंग, हातशिलाई’. तो मजकूर अर्जात मीच लिहिला होता. दोन दिवस मी तिच्याशेजारी उभी राहिले, मंजिष्ठेबद्दल विचारणाऱ्यांना हिरडा, तुरटी आणि मोहेंजोदडो समजावून सांगितले. कोणीतरी त्या लालाचे विशेष कौतुक केले. एक गृहस्थ गोधडी विकत घ्यायला तयार होते आणि आकडा चांगला होता, मैत्रीण म्हणाली, “आईची लुगडी आहेत, विकायची नाहीत.” मला वाटते, विकली गेली असती तर हा लेख लिहिला गेला नसता. ती कुणाच्या तरी दिवाणखान्यात काचेमागे गेली असती, आणि काचेमागच्या कापडाला कोणी पाणी लावत नाही. रंग कच्चा आहे की पक्का, हे भिंतीला कधीच कळत नाही. ते पांघरणाऱ्यालाच कळते, कारण पांघरलेले एक दिवस धुवावे लागते.

गोधडी परत आली आणि फेब्रुवारी 2019 मध्ये, धूळ बसलीय म्हणून, मैत्रिणीने ती दगडी डोणीत भिजत घातली. शनिवार होता, मी तिथेच होते. दहा मिनिटांत पाणी गुलाबी झाले. आम्ही गोधडी उचलली तेव्हा फिकट लुगड्यांवर, चारही चौकोनांच्या कडेने, लाल पसरलेला होता. तिने ताबडतोब स्वच्छ पाण्यात टाकली, पुन्हा काढली, पुन्हा टाकली. गुलाबी गेला नाही. तिने ओला लाल तुकडा पांढऱ्या रुमालावर चोळला, रुमाल पाहिला आणि म्हणाली, “मंजिष्ठ अशी सुटत नाही.” प्रयोगशाळेतल्या आवाजात म्हणाली. मग माझ्याकडे पाहिले.

मी म्हणाले, “तुरटी कमी पडली असेल.”

हे वाक्य लिहायला मला जड जात आहे. पुडी आणली ती घाईमुळे, ती गोष्ट एखाद्या वेळी हसून सांगताही आली असती. पण हे वाक्य घाईतले नव्हते. समोर काकूंची लुगडी ओली पडलेली होती आणि मी तिला, रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकेला, तुरटीचे प्रमाण सांगत होते. तिने मान हलवली. गोधडी दोरीवर टाकून मी घरी गेले आणि पुढचे तीन शनिवार काहीबाही कारणे सांगून टाळले.

त्या सत्रात मी सुसान ग्लास्पेलचे ‘ट्रायफल्स’ शिकवत होते. 1916 ची ही एकांकिका आता बहुतेक विद्यापीठांत लागते, तेव्हा तिची गोष्ट सांगत बसत नाही. नवऱ्याच्या खुनाचा आरोप असलेल्या बाईच्या स्वयंपाकघरात दोन बायका तिची अर्धवट क्विल्ट पाहतात. सगळा टाका नेटका आणि एका तुकड्यावर एकाएकी वेडावाकडा. त्यांतली एक, शेजारीण, तो टाका उसवून नीट घालू लागते. पुरुष वरच्या मजल्यावर पुरावा शोधत असतात आणि पुरावा इथे उसवला जात असतो. आपण हे बायकांच्या परस्परांतल्या मूक एकजुटीचे दृश्य म्हणून शिकवतो. ते तसे आहेच. त्या दिवशी एका मुलीने विचारले, “मॅडम, पण हिला नंतर झोप लागत असेल का? ज्या बाईने उसवलं, तिला?” मी म्हणाले, एकांकिका तिथे संपते. हे उत्तर नव्हते. एलेन शोवॉल्टरने 1986 च्या आपल्या निबंधात तुकडे जोडणे आणि लिहिणे यांचा जो संबंध मांडला आहे, तो मग मी बराच वेळ फळ्यावर उलगडून दाखवला. नखांत निळा नव्हता. तास संपल्यावर मी सरळ रसायनशास्त्र विभागात गेले.

ती उत्तरपत्रिका तपासत होती. मी उभ्या उभ्याच सांगितले. ऐकून तिने विचारले, “पुडी कुठल्या दुकानातली?” मी सांगितले. “तो रंग धाग्याला नुसता टेकतो, जोडला जात नाही. प्रत्येक धुण्याला सुटणार,” ती म्हणाली. मग पेन खाली ठेवून म्हणाली, “मला पुडीचं काही नाही गं. तू आणलीस तेव्हा सांगितलं असतंस तर मी ते तुकडे बदलले असते, नाहीतर पाटीवरचा शब्द खोडला असता. त्या पाटीवर माझं नाव होतं. मी मुलांना रंगबंधकं शिकवते. आणि आईची लुगडी होती.” शेवटचे वाक्य तिने सर्वांत हळू उच्चारले. मी काही म्हणावे अशी तिची अपेक्षा नव्हती, आणि मला सुचलेही नाही. त्या वर्षी आम्ही रंगवले नाही. वऱ्हांड्यात भेटलो की बोलत होतो, पण परीक्षा आणि रजा यांविषयीच.

फेब्रुवारी 2020 मध्ये एका रात्री तिचा फोन आला. “पिंप चढलंय. उद्या ये, ओली गोधडी एकटीला उचलत नाही.”

मी गेले. परसात पिंप होते, भोवती पोते बांधलेले. दोरीवर गोधडी होती, वर्षभर घडी करून ठेवल्याने तिच्यावर घडीच्या रेषा उमटलेल्या, आणि मधोमध ते चार लाल चौकोन आणि त्यांचा गुलाबी फैलाव. मी विचारले, सगळीच बुडवायची? हिरवे, चंद्रकळा, सगळे? ती म्हणाली, “सगळीच. डाग तेवढा झाकला तर डागच दिसणार.” मला पुन्हा वाटले, कापू नकोस म्हणाले होते तसे आताही म्हणावे, पण म्हणण्याचा अधिकार माझ्याकडे राहिलेला नव्हता. आम्ही गोधडी आधी साध्या पाण्यात भिजवली. मग दोघींनी दोन टोके धरून ती हळूहळू पिंपात सोडली, हवेचे बुडबुडे उठू नयेत म्हणून अगदी सावकाश. थर जाड असल्याने आतपर्यंत पोचायला वेळ लागतो. कोपरापर्यंत हात घालून ती पाण्याखाली दाबत राहायची. आमचे हात एकमेकींना लागत होते. दहा मिनिटांनी बाहेर काढली, हिरवी, जड, पाणी निथळणारी, आणि दोरीवर टाकली. ती निळी होईपर्यंत आम्ही दोघी काही बोललो नाही. असे सहा वेळा केले.

वाळल्यावर पाहिले तेव्हा चंद्रकळा काळीच राहिली होती, हिरवे गडद झाले होते, फिकट लुगडी निळी आणि डागांच्या जागी निळ्याला जांभळी झाक. लाल चौकोन आता वांग्याच्या रंगाचे. टाक्यांच्या बुडाशी, जिथे दोऱ्याने कापड आवळलेले होते, तिथे रंग कमी पोचला होता, त्यामुळे तिचे टाके आणि माझे टाके आधी कधी नव्हते इतके वेगळे ओळखू येत होते. माझे लांब आहेत. प्रदर्शनात हे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

महिनाभरात टाळेबंदी लागली आणि पिंपाकडे जाता आले नाही, नीळ मेली. नंतर आम्ही नवी चढवली, अधूनमधून रंगवतोही, पण दर शनिवारी नाही. गोधडी तिच्या पलंगावर असते. प्रदर्शनासाठी तिला पुन्हा विचारणा झाली होती, ती तिने मला न विचारता नाकारली, आणि ते मला आवडले.

ती गोधडी वर्षातून दोनदा धुते. दिवाळीआधी आणि होळीनंतर. धुतली की मला फोन करते, पहिल्या पाण्याविषयी सांगायला. निळा थोडा येतो, तो वरवरचा, कमी होत जातो. गेल्या होळीनंतरही फोन आला. मी विचारले, “आणि लाल?” ती म्हणाली, “येतोय अजून. थोडा.”